मॅकबुक एअर २०१७ वर लिनक्स: वाय-फाय का सापडत नाही आणि आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. मामांनी वापरलेलं २०१७ चं १३ इंची मॅकबुक एअर भाचीकडे आलं आहे. ८ जीबी रॅम, १२८ जीबी डिस्क. मॅकओएस मॉन्टेरेच्या पुढे जात नाही आणि नवी ॲप 'यापेक्षा नवी सिस्टीम हवी' म्हणून अडून बसतात. तिने पेनड्राइव्हवरून डेबियन (लिनक्सच्या अनेक तयार आवृत्त्यांपैकी, म्हणजे डिस्ट्रोंपैकी, एक) टाकायला घेतलं, तर इन्स्टॉलरला वाय-फायच सापडलं नाही. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: या मशीनवर लिनक्स नीट चालेल का, की डिस्ट्रो बदलून पाहू? आणि नाहीच जमलं, तर सेकंडहँड एम१ (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचं मॅक) घेऊन त्यावर लिनक्स टाकावं का?

मी गेली चौदा वर्षं पुण्यात जुने लॅपटॉप उघडतो, साफ करतो आणि त्यांवर लिनक्स टाकून देतो. माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं विद्यार्थ्यांची असतात. तुमचं हेच मॉडेल माझ्या हातून इतक्या वेळा गेलंय की त्याच्या खालच्या झाकणाचे दहा पंचकोनी स्क्रू मी न बघता काढू शकतो. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो: हो, चालेल आणि चांगलं चालेल. कॅमेऱ्याला आणि झाकण मिटल्यावरच्या झोपेला थोडी मेहनत पडेल, वाय-फायला एक तडजोड करावी लागेल. बाकी यंत्र पहिल्या दिवसापासून तुमचं.

पण डिस्ट्रो बदलून हा प्रश्न सुटेल, असं समजू नका. लोक इथेच आठवडे घालवतात. उबुंटू जमलं नाही म्हणून फेडोरा, ते नाही म्हणून आर्च, आणि प्रत्येक ठिकाणी तीच भिंत. डिस्ट्रो म्हणजे एकाच कर्नलभोवती (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टीमचा गाभा) केलेली वेगवेगळी मांडणी. अडचण कर्नल आणि चिप यांच्यामध्ये असते. लॅपटॉपच्या झाकणावर कंपनीचं एकच नाव असलं, तरी आत दहा-बारा वेगवेगळ्या चिप असतात. त्यातल्या काहींची माहितीपत्रकं खुली असतात, काहींची नसतात. ज्या चिपची माहिती बाहेर आली आहे, किंवा कुणीतरी रात्री जागून उलटी उकलली आहे, ती चालते. म्हणून 'मॅकबुकवर लिनक्स चालतं का' याला एका शब्दात उत्तर नाही. एकेक भाग घेऊन विचारावं लागतं.

तुमच्या मशीनमध्ये इंटेलचा आय५ प्रोसेसर आणि त्यातच इंटेलचं ग्राफिक्स आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्येच आहे आणि तो स्वतः इंटेलच सांभाळते, त्यामुळे पडदा, व्हिडिओ, बाहेरचा मॉनिटर यांची चिंता नको. ट्रॅकपॅड दोन-तीन बोटांच्या हालचालींसकट चालतो. कीबोर्डचा प्रकाश, आवाज, ब्लूटूथ, एसडी कार्डची खाच, सगळं काही न करता चालतं. उरतात तीन गोष्टी: वाय-फाय, कॅमेरा आणि झोप.

वाय-फायपासून सुरू करू, कारण अडलंय तिथेच. पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम (डिस्कवर काही न बसवता चालणारं लिनक्स) चालू करा. मॅक सुरू होताना ऑप्शनचं बटण दाबून धरायचं, मग डिस्कच्या चित्राशेजारी नारिंगी रंगाचं 'ईएफआय बूट' दिसेल, ते निवडायचं. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून 'एलएसपीसीआय' (lspci) ही कमांड द्या. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधा. तुमच्याकडे तिथे ब्रॉडकॉमचं नाव आणि पुढे 'बीसीएम ४३६०' असा आकडा दिसायला हवा. ड्रायव्हरची माहिती मागितलीत, तर त्या चिपपुढे 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' असं काहीतरी दिसू शकतं आणि वाटतं की ड्रायव्हर तर लागलाय. तो चिपला नुसता हाताशी धरून बसलेला असतो, तिच्याशी बोलता त्याला येत नाही. या एका ओळीने मी पाहिलेल्या कितीतरी मुलांचे दोन-दोन दिवस गेलेत.

आता प्रश्न पडेल, की डेबियनने तर बंद फर्मवेअर (ज्याचा कोड कंपनी दाखवत नाही) इन्स्टॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केली ना? केली. २०२२ मध्ये त्यांच्या सभासदांनी त्यावर मतदान घेतलं आणि जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. तरीही तुमचं वाय-फाय दिसत नाही, कारण तुमची गरज फर्मवेअरची नाहीच. फरक समजून घ्या, पुढे प्रत्येक लॅपटॉपला कामी येईल. फर्मवेअर चिपच्या आत चालतं. ड्रायव्हर आपल्या कर्नलच्या आत चालतो. ४३६० साठी ब्रॉडकॉमने जो ड्रायव्हर दिला, 'डब्ल्यूएल' नावाचा, त्याचा गाभा बंद आहे. बाहेरचं पातळ आवरण तेवढं वाचता येतं. कंपनीने त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली. नवा कर्नल आला की डिस्ट्रोची माणसं ते आवरण दुरुस्त करतात आणि गाडी पुढे ढकलतात. बंद ड्रायव्हर फर्मवेअरच्या खणात बसत नाही, म्हणून डेबियनचा इन्स्टॉलर तो देत नाही.

उपाय साधा आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. इन्स्टॉलरला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि काम पुढे सरकतं. सिस्टीम बसली की मुक्त नसलेल्या पॅकेजांचा विभाग चालू करून 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' (broadcom-sta-dkms) हे पॅकेज आणि सोबत तुमच्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइली) घ्या. हेडर विसरलात तर ड्रायव्हर तयारच होत नाही आणि चूक ठळक दिसतही नाही. मशीन पुन्हा सुरू करा. मिंट घेतलंत, तर त्यातला ड्रायव्हर मॅनेजर हे काम माऊसच्या टिचकीवर करतो. पहिल्यांदाच लिनक्सकडे येणाऱ्याला मी मिंटच देतो. चिप तीच, ड्रायव्हर तोच, पण पहिला दिवस सुखाचा जातो.

आता तडजोड. हा ड्रायव्हर कर्नलबाहेर असल्यामुळे एखाद्या अपडेटनंतर तो नव्या कर्नलवर तयार होत नाही आणि वाय-फाय गायब होतं. म्हणून दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल असलेला डिस्ट्रो घ्या आणि आधीचा कर्नल कधी काढून टाकू नका. बूट मेनूतून जुना निवडला की वाय-फाय परत येतं. डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवरच चालणाऱ्या राउटरशीही याचं जमत नाही. राउटर डब्ल्यूपीए२ आणि ३ अशा मिश्र पद्धतीवर ठेवावा लागतो. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. दहा वर्षांहून जुना बंद ड्रायव्हर कर्नलच्या आत बसतो, आणि त्यात भोक सापडलं तर ते बुजवायला बाहेरचा कुणी हात घालू शकत नाही. बँकेचे व्यवहार आणि ऑफिसची कामं या मशीनवर करणाऱ्यांना मी सरळ सांगतो: छोटा यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या. त्यातली चिप अशी बघा की जिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपचा असतो. एक यूएसबीची जागा अडते, पण मन स्वस्थ राहतं.

कॅमेऱ्याची गोष्ट मला फार आवडते. बहुतेक लॅपटॉपांत कॅमेरा आतून यूएसबीला जोडलेला असतो आणि यूएसबी कॅमेऱ्याची बोलण्याची पद्धत सर्वांसाठी एकच ठरलेली आहे. म्हणून तो कुठेही चालतो. तुमच्या मॅकमध्ये कॅमेरा पीसीआय एक्सप्रेसवर (बोर्डावरच्या वेगळ्या जोडणीवर) बसवलाय. 'एलएसपीसीआय'च्या यादीत वाय-फायच्या आसपासच '७२०पी फेसटाइम एचडी कॅमेरा' अशी ओळ दिसेल. ही चिपही ब्रॉडकॉमची, आणि तिचं माहितीपत्रक बाहेर नाही. तरी काही लोकांनी मॅकओएस त्या चिपशी काय बोलतं हे बघून-बघून 'फेसटाइमएचडी' नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला. तो कर्नलमध्ये नाही, वेगळा बसवावा लागतो. त्याला लागणारं फर्मवेअर ॲपलच्या फाइलीतून काढून घ्यायचं असतं, त्याची स्क्रिप्ट सोबतच मिळते. अर्धा तास धरा. झोपेतून उठल्यावर कॅमेरा कधीकधी गप्प बसतो. तेव्हा ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नलमधून काढून पुन्हा घालायचं. रोज ऑनलाइन तास असतील, तर ही पायरी पहिल्या आठवड्यातच करून टाका, परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

झोपेचं दुखणं असं: झाकण मिटलं, पिशवीत टाकलं, आणि कॉलेजात पोचेपर्यंत मशीन गरम आणि बॅटरी अर्धी. मिटल्यावर ते झोपतं आणि लगेच यूएसबीच्या बाजूने हाक येऊन जागं होतं. 'प्रोक' फोल्डरच्या आत 'एसीपीआय' आणि त्यात 'वेकअप' अशी एक फाइल असते. मशीनला कोण कोण जागं करू शकतं, त्याची ती यादी. त्यात 'एक्सएचसी१' समोर 'चालू' दिसेल, ते बंद करायचं. मात्र ही फाइल दिव्याच्या बटणासारखी आहे. ते नाव एकदा लिहिलं की बंद, पुन्हा लिहिलं की चालू. सुरुवातीला चालणाऱ्या दोन वेगवेगळ्या स्क्रिप्टांमध्ये कुणी ते लिहून ठेवलं, की दोन्ही मिळून काहीच होत नाही. एका मुलीच्या मशीनवर मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तेव्हापासून आधी स्थिती वाचून, चालू असेल तरच बंद करणारी ओळ मी लिहितो. याने कीबोर्डचं बटण दाबून मशीन जागं होत नाही, पॉवरचं बटण दाबावं लागतं. एवढं चालतं.

हे सगळं करायच्या आधी एक काम मात्र चुकवू नका. मशीन सपाट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघा. ट्रॅकपॅड जरासा वर आला असेल, टिचकीला जड झाला असेल किंवा मशीन टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. मग लिनक्स वगैरे नंतर, आधी बॅटरी बदला, आणि तोवर चार्जिंगला लावू नका. फुगलेली नसेल, तर मूळ क्षमता आणि आजची क्षमता लिनक्समध्ये वाचता येते. मूळ बॅटरी ५४ वॉट-तासांची असते. त्यातले ३५-४० उरले असतील तर दिवसभराच्या तासांना पुरेल, वीसच्या खाली असतील तर खर्च मनात धरा. मुलं मला म्हणतात, 'लिनक्स टाकल्यावर बॅटरी लवकर उतरते.' थोडा फरक पडतो हे खरं, पण अनेकदा बॅटरी आधीच थकलेली असते आणि लक्ष आता गेलेलं असतं.

मॅकओएस ठेवायचं का? तुमच्या १२८ जीबीत दोन्ही नांदवणं म्हणजे दोघांची उपासमार. मामांचे फोटो, फाइली काढून घ्या, त्यांच्या खात्यातून मशीन बाहेर काढून घ्या, चार-पाच दिवस लाइव्ह पेनड्राइव्हवर वापरून बघा आणि मग पूर्ण डिस्क लिनक्सला द्या. डिस्क बदलायची असेल, तर या मॉडेलमधली एसएसडी सुटी निघते. तिचा सांधा ॲपलचा खास आहे, पण साध्या एनव्हीएमई एसएसडीसाठी छोटा ॲडॅप्टर मिळतो. रॅम मात्र बोर्डावरच डकवलेली असते, ती ८ जीबीच राहणार.

पण 'डिस्क पुसून टाका' हा सल्ला मी फक्त तुमच्या मॉडेलला देतोय. तुमच्या मैत्रिणीकडे २०१८ ते २०२० मधलं इंटेलवालं मॅकबुक असेल, तर तिला हे वाक्य सांगू नका. त्या मशीनांत टी२ नावाची ॲपलची सुरक्षा-चिप आहे. कीबोर्ड, ट्रॅकपॅड, स्पीकर, माइक, सगळं तिच्यामागे उभं आहे. साध्या इन्स्टॉलरवर कीबोर्डसुद्धा चालत नाही, बाहेरचा जोडावा लागतो. 'टी२ लिनक्स' या गटाने त्यासाठी वेगळे कर्नल आणि इन्स्टॉलर केलेत, ते चांगले आहेत. पण आधी मॅकच्या रिकव्हरीत जाऊन सुरक्षित बूट बंद करावं लागतं आणि बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायची परवानगी द्यावी लागते. त्याला मॅकओएसमधल्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड लागतो. माझ्याकडे एक वकील २०१९ चं एअर घेऊन आले होते. त्यांच्या भावाने उत्साहात आधीच डिस्क पुसली होती. ॲडमिन खातं उरलं नाही म्हणून परवानगी देता येईना, आणि परवानगी नाही म्हणून पेनड्राइव्ह चालेना. इंटरनेटवरून मॅकओएस पुन्हा उतरवून, खातं तयार करून, परवानगी देऊन मग लिनक्स टाकलं. दुपार गेली. वाय-फायचं फर्मवेअरही तिथे मॅकओएसमधूनच घ्यावं लागतं, म्हणून पुसण्यापूर्वी काढून ठेवायचं.

आणि २०१७ हे साल एकच असलं, तरी २०१६-१७ चं मॅकबुक प्रो तुमच्या एअरसारखं वागत नाही. तिथे स्पीकरचा आवाज आणि झोपेतून उठणं या दोन्ही गोष्टी आजही त्रास देतात. प्रो महाग म्हणून चांगलं चालेल, हा हिशोब इथे लागू होत नाही.

आता एम१ चं. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक आणले, तेव्हा अनेकांना वाटलं की दार कायमचं बंद झालं. तसं झालं नाही. आयफोनवर आपली सिस्टीम टाकता येत नाही, या मॅकवर मात्र मालकाने मुद्दाम परवानगी दिली तर दुसरा कर्नल सुरू करता येतो. ॲपलने दार ठेवलं, पण आत काय कुठे आहे हे सांगितलं नाही. ते काम हेक्टर मार्टिन यांनी सुरू केलेल्या असाही लिनक्स प्रकल्पाने केलं. त्यांनी एक पातळ थर लिहिला, त्यावर खुद्द मॅकओएस चालवलं, आणि ते हार्डवेअरला कुठे काय लिहितं हे खालून टिपत गेले. मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली. त्याच वर्षी जुलैत लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी ५.१९ हा कर्नल एम२ मॅकबुक एअरवरून प्रसिद्ध केला. डिसेंबर २०२३ ला फेडोरा असाही रीमिक्स आलं, आजही तेच घ्यायचं.

त्यांच्या कामातली एक बाब मी दर वेळी सांगतो. या मॅकचे स्पीकर इतके लहान आणि इतके जोरात वाजणारे आहेत, की बेताल वाजवले तर आतली तार तापून जळू शकते. मॅकओएस दर क्षणी त्या तारेचं तापमान मोजून-अंदाजून आवाज आवरतं. लिनक्सवर आवाज तांत्रिकदृष्ट्या निघत होता, तरी असाहीच्या मंडळींनी स्पीकर बंदच ठेवले. तापमानावर लक्ष ठेवणारी स्वतःची सेवा लिहून, तपासून झाल्यावरच उघडले. लोक रोज विचारत होते, 'आवाज कधी?' पण दुसऱ्याच्या मशीनची अशी काळजी घेणाऱ्यांच्या हाती मी माझं मशीन निश्चिंतपणे देतो.

तर, एम१ घ्यावं का? असाहीचा इन्स्टॉलर एम१ आणि एम२ साठी आहे. एम३ किंवा त्यापुढचं मशीन लिनक्ससाठी म्हणून घेऊ नका. एम१ वर वाय-फाय, ग्राफिक्स, स्पीकर, कॅमेरा छान चालतात, बोटाचा ठसा चालत नाही. मॅकओएस थोड्या जागेत ठेवावंच लागतं, कारण मशीनचं फर्मवेअर त्याच्यामार्फतच नवं होतं. हातात आधीच एम१ असेल तर बेलाशक टाका. पण पैसे मोजून, केवळ लिनक्ससाठी घ्यायचं असेल, तर मी तेवढ्याच पैशांत ऑफिसांतून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड घ्यायला सांगेन. रॅम अनेक मॉडेलांत वाढवता येते, बॅटरी बदलता येते, आणि लेनोवो त्यांतल्या अनेकांचं फर्मवेअर लिनक्सच्या अपडेट सेवेतूनच देते. मॅकचा पडदा आणि ट्रॅकपॅड त्याला नाही, हे खरं. कशाला किती किंमत द्यायची हे तुमच्या कामावर ठरेल.

एक शेवटची सोय. मॅकवरचं उजवं ऑप्शन लिनक्समध्ये उजव्या ऑल्टचं काम करतं. कीबोर्डमध्ये 'इंग्रजी भारत, रुपयासह' निवडलंत, तर उजवं ऑप्शन आणि ४ दाबून ₹ येतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड जोडा. 'दऱ्या', 'कैऱ्या' मधला ऱ शिफ्ट आणि जे वर आहे.

आता आज करायचं एवढंच: बॅटरी बघा, लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, 'एलएसपीसीआय' द्या. वाय-फायच्या ओळीत ४३६० सोडून दुसरा आकडा दिसला, तर काही बसवायच्या आधी तो मला कळवा. चिप वेगळी निघाली, तर वरचं वाय-फायचं उत्तर बदलेल.